द्विरर्बुद : एकाच देही दोन कर्करोग

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकरावा अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या विकारांचा आहे. सुश्रुताचे नाव आपल्याकडे सर्वतोमुखी झाले ते कापलेले नाक पुन्हा घडविण्याच्या कृतीमुळे. ह्या अध्यायाकडे वैद्यकाच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वळत नाही. अर्बुद म्हणजे वाटोळी, जागची न हलणारी, थोडीच दुखणारी, खोल मूळ धरलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गाठ, असे तिचे लक्षण तेथे दिले आहे. वात, पित्त, कफ, रक्त, मांस व मेद यांवरून तिचे सहा प्रकार सांगून झाल्यावर ग्रंथकार एक निराळाच प्रश्न हाती घेतो. एका गाठीने ग्रासलेल्या शरीरात दुसरी गाठ उद्भवली तर तिला काय म्हणावयाचे? पहिलीवरच दुसरी उठली असेल तर तो अध्यर्बुद होय. आणि दोन गाठींची जोडी झाली असेल, मग ती बरोबरीने झालेली असो वा पाठोपाठ, तर तो द्विरर्बुद होय. माधवनिदानानेही ह्या संज्ञा पुढे चालविल्या आहेत. द्विरर्बुदाविषयी सुश्रुताचा निर्णय एका शब्दाचा आहे : असाध्य.

आपल्या प्राचीनांस सर्व काही ठाऊक होते, असे म्हणण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांस असते. प्रस्तुत लेखकास ती नाही. सुश्रुताचा अर्बुद आणि आजचा कर्करोग ही एकच वस्तू नव्हे. अर्बुदाच्या सदरात निरुपद्रवी गाठीही पडत असतील, आणि शरीराच्या आत खोल दडलेले कित्येक कर्करोग त्यात आले नसतील. सूक्ष्मदर्शक यंत्रावाचून ही निवड करणे कोणासही शक्य नव्हते. परंतु दोन गाठी पाहून 'या दोन कशा झाल्या?' असे विचारणे, आणि एकाच वेळी झालेल्या व क्रमाने झालेल्या असा भेद ध्यानी आणणे, हे सूक्ष्म निरीक्षणाचे काम आहे, यात शंका नाही. आजचे कर्करोगतज्ज्ञ हाच भेद करतात. पहिल्या रोगाच्या निदानापासून सहा महिन्यांच्या आत दुसरा सापडला तर दोन्ही समकालीन, त्यापुढे सापडला तर दुसरा उत्तरकालीन, अशी सर्वसाधारण रूढी आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदणीत ही मर्यादा दोन महिन्यांचीच धरतात.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा असता तर त्यावर इतका मजकूर खर्च करण्याचे कारण नव्हते. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या एखाद्या स्त्रीस चार-सहा वर्षांनी फुप्फुसात, आतड्यात किंवा गर्भाशयात काही आढळते. घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि 'आता पसरला' एवढेच म्हणतात. कोणी पूर्वसंचिताचे नाव घेतो, कोणी देवाला कौल लावतो, आणि उपचारांचा नेट तेथेच सुटतो. आता ही दुसरी गाठ जर खरोखर पहिलीचीच संतती असेल, तर रोग अंगभर फिरला आहे असे समजून औषधयोजना करणे प्राप्त आहे. पण ती जर स्वतंत्र मुळाची असेल आणि वेळीच सापडली असेल, तर ती काढून टाकून ती स्त्री पुन्हा संसारास लागू शकते. पुष्कळदा दोन्ही गाठी डोळ्यांस सारख्याच दिसतात. त्यांचे भवितव्य मात्र निरनिराळे असते. हे वैद्यकास कळावयास फार काळ लागला, आणि त्याची हकीकत मनोरंजक आहे.

युरोपात ह्या रोगास खेकड्याचे नाव मिळाले ते ग्रीकांकडून. स्तनाच्या गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरतात, असे गेलनने लिहून ठेवले; आपला 'कर्क' त्याच अर्थाचा. परंतु गेलनच्या मते ही व्याधी काळ्या पित्ताची होती, आणि ते पित्त सर्वांगात खेळते. मुळात सारे शरीरच दूषित, तर गाठ एक आली काय किंवा दोन आल्या काय, कारण एकच! ह्या सिद्धांताच्या छायेत सुमारे दीड हजार वर्षे हा प्रश्न उपस्थित होण्यासच वाव नव्हता. सुश्रुतही दोषांच्याच भाषेत बोलतो. परंतु शस्त्रधारी वैद्य असल्यामुळे गाठीचा अंशही मागे राहू देऊ नये, राहिला तर ती विझवावयाच्या राहिलेल्या निखाऱ्याप्रमाणे पुन्हा पेटते, असे तो चिकित्सास्थानात बजावतो. स्थानिक मुळाची जाणीव त्याच्या हातास होती, असे म्हणावयास हरकत नाही.

गेलनची छाया हटली ती एकोणिसाव्या शतकात. पॅरिसच्या रेकामिए यांनी १८२९ साली, स्तनातील रोग दूरच्या अवयवात जाऊन नवी गाठ धरतो हे दाखवून त्या क्रियेस नाव दिले. १८३८ साली बर्लिनच्या योहानेस म्यूलर यांनी गाठी पेशींच्या बनलेल्या असतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांचे शिष्य फिर्शो यांनी १८५८ च्या सुमारास प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते हे प्रतिपादिले. पुढे टीर्श व वाल्डेयर यांनी कर्करोग त्या त्या अवयवाच्या आवरणातील पेशींतून उद्भवतो हे सिद्ध केले. एवढे झाल्यावर गाठीस कुळ आले, गोत्र आले. स्तनाच्या पेशीची गाठ यकृतात गेली तरी तिची घडण स्तनाचीच राहते. म्हणजे गाठीस 'तुझे घर कोणते?' असे विचारता येऊ लागले.

हा प्रश्न पद्धतशीर विचारला तो व्हिएन्नाचे शस्त्रवैद्य थिओडोर बिलरोथ यांनी. संगीताचे रसिक, ब्राम्स या संगीतकाराचे जिवलग स्नेही, आणि १८८१ च्या जानेवारीत कर्करोगग्रस्त जठराचा भाग काढून रोग्यास शस्त्रक्रियेतून जिवंत उठविणारे पहिले वैद्य अशी त्यांची ख्याती होती. एका रोग्याच्या देही दोन स्वतंत्र कर्करोग आहेत असे म्हणावयाचे झाल्यास काय काय सिद्ध व्हावयास पाहिजे, याचे नियम त्यांनी १८८९ साली घालून दिले. दोन्ही गाठी निरनिराळ्या जागी असाव्यात; सूक्ष्मदर्शकाखाली दोघींची घडण भिन्न असावी; आणि प्रत्येकीने आपापले अंकुर शरीरात अन्यत्र टाकलेले असावेत.

शास्त्रीय कठोरपणा म्हणून हे नियम वाखाणण्याजोगे खरे. पण तिसऱ्या नियमाकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. दोन्ही रोग पसरल्याखेरीज ते दोन आहेत हे मान्यच करावयाचे नाही! म्हणजे ज्या रोग्याची दोन्हीकडून आशा सुटली तोच तेवढा नोंदीस पात्र, आणि तोही बहुधा शवविच्छेदनाच्या मेजावर. ज्या स्त्रीची दुसरी गाठ लहान, आवाक्यातली आणि बरी होण्याजोगी होती, तिची गाठ ह्या नियमानुसार दुसरी ठरूच शकत नव्हती. दुसऱ्या नियमाचेही तसेच. स्तन, आतडे, जठर, गर्भाशयाचे अस्तर, या सर्व ठिकाणचे कर्करोग बहुधा ग्रंथींच्या घडणीचेच असतात. घडण सारखी म्हणून ते एकच मानले तर कित्येक खऱ्या जोड्या हिशेबातून गळणार. म्हणून पुढील चाळीस वर्षे दोन कर्करोगांची जोडी ही एक दुर्मीळ, संग्रहालयात ठेवावी अशी चीज समजली गेली. ती दुर्मीळ नव्हती. तिला ओळखण्याची चाळणी तेवढी बारीक होती.

ही चाळणी बदलली बॉस्टनमध्ये. शील्ड्स वॉरन आणि ऑलिव्ह गेट्स या विकृतिशास्त्रज्ञांनी १९३२ साली जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयातून अशा १,२५९ रोग्यांची प्रकरणे गोळा केली आणि बिलरोथ यांच्या अटी सैल केल्या. प्रत्येक गाठ निःसंशय कर्करोगाची असावी. दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात. आणि एक ही दुसरीचा अंकुर असण्याची शक्यता वगळता यावी. आपापले अंकुर टाकण्याची अट त्यांनी काढून टाकली. बदल शब्दांचा दिसतो, पण त्यामुळे जिवंत, हिंडत्याफिरत्या, उपचार करता येण्याजोग्या रोग्यांची गणना प्रथमच होऊ लागली. आजही निदान करताना हेच नियम पुढे ठेवतात. आज निरनिराळ्या देशांच्या वृत्तांतांत कर्करोगाच्या रोग्यांपैकी शेकडा २ पासून १७ पर्यंत लोकांस दुसरा स्वतंत्र कर्करोग झाल्याचे आढळते. आकड्यांतील ही तफावत पाहून दचकावयास नको. रोग्यांवर किती वर्षे नजर ठेवली आणि कोणत्या व्याख्येने मोजले, यावर ती पुष्कळशी अवलंबून आहे.

जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. हेच वॉरन १९४५ साली अमेरिकी आरमाराच्या वैद्यकीय तुकडीबरोबर जपानात गेले आणि अणुबाँबच्या पीडितांची तपासणी त्यांनी केली. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढल्याचे १९६८ साली प्रसिद्ध झाले. स्फोटाच्या वेळी ज्या अल्पवयीन मुली होत्या त्यांस धोका विशेष. आणि रोग प्रकट झाला तो मात्र त्या प्रौढ होऊन स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या वयास पोचल्यावर. किरणांचा हा लांबणीवर पडणारा परिणाम पुढे रुग्णालयांतही निराळ्या रूपाने भेटावयाचा होता.

एकाच स्त्रीस दोन कर्करोग होतातच का? सर्वांत साधे उत्तर म्हणजे वय आणि आयुष्य. कर्करोग हा बहुधा उतारवयाचा विकार. पहिल्यातून वाचून जी वीस-तीस वर्षे जगली तिला, इतर कोणाही वृद्ध स्त्रीप्रमाणे, दुसरा होऊ शकतो. एकोणिसाव्या शतकात स्तनाच्या कर्करोगातून फारच थोड्या स्त्रिया दीर्घकाळ जगत. हॉल्स्टेड यांची मोठी शस्त्रक्रिया १८९४ साली प्रसिद्ध झाली, नंतर किरणोपचार आले, औषधे आली, आणि जगणाऱ्यांची संख्या वाढली. तेव्हा दुसरा रोग दिसू लागणे हे एका अर्थी पहिल्यावर मिळविलेल्या जयाचेच चिन्ह आहे. परंतु केवळ योगायोगाने सर्वच हिशेब जुळत नाही.

पॅरिसचे शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या ग्रंथात एका घराण्याची वंशावळ दिली. हे घराणे त्यांच्या पत्नीचे, असे सामान्यतः समजले जाते. पिढ्यानुपिढ्या त्यातील स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. शंभर वर्षांनी अमेरिकेत ओमाहा येथील हेन्री लिंच यांनी घराघरांत जाऊन अशा वंशावळी जमविल्या आणि १९७१ साली स्तन व बीजांडकोश या दोहोंचा कर्करोग एकाच कुळात चालत असल्याचे मांडले. त्याआधी १९६९ साली ली आणि फ्राउमेनी यांनी, मुलांत स्नायूंचा कर्करोग आणि तरुण मातांत स्तनाचा, अशा चार कुटुंबांची हकीकत दिली होती. आनुवंशिकतेची ही कल्पना पुष्कळांनी तेव्हा हसण्यावारी नेली. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर तिची जागा दाखविली. १९९४ मध्ये तो जनुक हाती आला आणि बीआरसीए-१ हे त्याचे नाव सर्वत्र झाले. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ मिळाला. ज्या स्त्रीत बीआरसीए-१ सदोष असतो तिला बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा आयुष्यभराचा संभव शेकडा ४० च्या आसपास आहे. म्हणजे येथे दोन गाठी एकमेकींच्या संतती नव्हेत हे खरे, पण त्या अगदी परक्याही नव्हेत. वॉरन आणि गेट्स यांच्या नियमाने त्या भिन्न, आणि कुळाच्या नियमाने बहिणी.

याच्या उलट, खरोखर असंबद्ध अशी जोडी पाहावयाची असेल तर ती आपल्याच देशात सापडते. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले; तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगांची तुलना करण्याचे मोठे काम केले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक, हे त्यांच्या पाहण्यात आले. लवकर विवाह आणि अनेक बाळंतपणे यांशी गर्भाशयमुखाच्या रोगाचा संबंध जोडला जाई. उलट उशिरा झालेले पहिले मूल, किंवा मूलच नसणे, हे स्तनाच्या बाजूस वजन टाकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एक विषाणू आहे हे जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ पासून दाखवून दिले आणि २००८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. स्तनाच्या रोगाशी त्या विषाणूचे असे नाते सिद्ध झालेले नाही. तेव्हा एखाद्या स्त्रीस हे दोन्ही रोग झाले तर एकाचे कारण दुसऱ्यास लावता येत नाही. त्या दोन स्वतंत्र दुर्घटनाच होत. गोव्यात पेटते टोक तोंडात धरून धुमटी ओढण्याची जी चाल आढळे, तिच्यापासून टाळ्यास पोचणाऱ्या अपायाचीही तीच गोष्ट. तसल्या स्त्रीच्या टाळ्यावरील व्रण हा तिच्या स्तनातील रोगाचा प्रसाद नव्हे.

भारतात अशा जोड्या कमी नोंदल्या गेल्या, याचे कारण त्या कमी घडतात असेच मानणे धाडसाचे होईल. आपल्याकडे रोगी उशिरा येतो, बरा वाटला की गावी जातो, आणि पुन्हा त्याचा पत्ता लागत नाही. लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत सुरू झाली तीच मुळी १९६३ साली. आता भारतातील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, आणि त्यातून वाचून दीर्घायुषी होणाऱ्यांची संख्याही वाढत आहे.

उरला उपचारांचा प्रश्न. आणि येथे वैद्यकास स्वतःकडेच पाहावे लागले. हॉजकिनचा रोग हा लसीकाग्रंथींचा कर्करोग. तरुणपणी होणारा आणि एके काळी हमखास प्राण घेणारा. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे हेन्री काप्लान यांनी छातीवर तीव्र किरण देऊन तो बरा करून दाखविला. त्यातून वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या, आणि त्याच स्टॅनफर्डहून १९९३ साली वृत्तांत आला की त्यांच्यात स्तनाचा कर्करोग फार वाढला आहे. पंधरा वर्षांच्या आत ज्यांस किरण दिले त्यांचा धोका सर्वाधिक; तिशीनंतर ज्यांचे उपचार झाले त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. काप्लान यांनी चूक केली असे कोणी म्हणू नये. ते नसते तर त्या मुली तिशी पाहत्याच ना. पण त्या अनुभवावरून किरणांची मात्रा व क्षेत्र कमी झाले, आणि लहानपणी छातीवर किरण घेतलेल्या स्त्रियांची दर वर्षी स्तनतपासणी करण्याची पद्धत पडली.

टॅमॉक्सिफेनची कथा याहून गुंतागुंतीची आहे. स्तनातील पेशींवर स्त्रीरसाचा जो परिणाम होतो त्यास हे औषध अडविते. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून असंख्य स्त्रियांस त्याने आयुष्य दिले. १९८९ साली स्टॉकहोमहून असे कळले की ते दीर्घकाळ घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. कारण स्तनात जे औषध रसाचा मार्ग अडविते तेच गर्भाशयात थोडे रसासारखे वागते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास कर्करोगकारकांच्या यादीत घातले, आणि त्याच निवेदनात ते दुसऱ्या स्तनातील नवा कर्करोग टाळते हेही नमूद केले. एकच गोळी एक दुसरा रोग टाळते आणि एक दुसरा रोग क्वचित आणते! हिशेब केला असता लाभच पुष्कळ अधिक ठरतो, म्हणून ते आजही दिले जाते. मात्र ते घेणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रीस पुन्हा रक्तस्राव दिसला तर तिने तो संकोचाने लपवू नये. ती गोष्ट त्याच आठवड्यात डॉक्टरांस सांगण्याची आहे. आमच्या घरांतून ह्या संकोचाने जेवढे नुकसान केले तेवढे औषधाने खचित केले नसेल.

दुसरी गाठ पसरलेली की स्वतंत्र, हे ठरविण्याचे महत्त्व किती, याचे एक ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीच्या फुप्फुसात क्ष-किरणांत एकच एक छाया दिसली की ती स्तनाचीच, असे पूर्वी गृहीत धरीत. मेमोरियल रुग्णालयातील विल्यम काहान यांनी १९७५ साली अशा रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती छाया स्तनाची नव्हती. फुप्फुसाचा स्वतंत्र कर्करोग होता, आणि काहींत ती मुळी कर्करोगाचीच नव्हती. आपल्याकडे तर क्षयरोगाची जुनी खूणही अशीच छाया टाकते, आणि काखेतील गाठही क्षयाने फुगते. तपासल्यावाचून तिला 'पसरला' म्हणणे म्हणजे साक्षीपुराव्यावाचून शिक्षा ठोठावणे होय.

हा पुरावा मिळविण्याची साधने आता बिलरोथ यांच्या स्वप्नातही नव्हती इतकी तीक्ष्ण झाली आहेत. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली एकाच जातीची प्रतिद्रव्ये हवी तितकी बनविण्याची कृती शोधली. त्यांच्या साहाय्याने गाठीच्या पातळ कापावर रंग चढवून पेशीचे मूळ घर ओळखता येते. फुप्फुसाच्या पुष्कळशा ग्रंथीय कर्करोगांत एक खूण उमटते ती स्तनाच्या पेशीत सहसा उमटत नाही. बीजांडकोशाच्या खुणा निराळ्या. स्तनाच्या पुष्कळ गाठी स्त्रीरसाच्या ग्राहकांनी ओळखू येतात. तेवढ्यानेही न भागले तर दोन्ही गाठींतील जनुकांचे बिघाड ताडून पाहतात.

या ताडून पाहण्यास पहिली गाठ हाताशी लागते. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात, आणि ते रुग्णालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या गाठीच्या वेळी विकृतिशास्त्रज्ञ प्रथम त्यांचीच मागणी करतो. ज्या घरी असा प्रसंग येऊन गेला असेल तेथे पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल, त्यावरील क्रमांक आणि ठोकळे कोठे ठेवले आहेत याची नोंद, ही कागदपत्रे जमिनीच्या उताऱ्याइतक्याच काळजीने पेटीत ठेवावीत; आणि दुसरी गाठ आढळली तर बायॉप्सीपूर्वी ती डॉक्टरांच्या हाती द्यावीत.